नववीला गती शिकवताना: सूत्रांच्या आधी चिंचोके, गोटी आणि कॅरम

प्रश्न असा आला आहे: "सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत यंदा पहिल्यांदाच नववीला विज्ञान शिकवते आहे. माझा मुख्य विषय रसायनशास्त्र. 'गतीचे नियम' हाच पहिला धडा. मुलं व्याख्या पाठ म्हणतात, सूत्रात आकडे घालून गणितंही सोडवतात. पण ढकललेलं पुस्तक थोडं सरकून का थांबलं असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, 'बल संपलं.' प्रयोगशाळेत सामान नसल्यातच जमा आहे. सुरुवात कुठून करू?"

ताई, 'बल संपलं' हे उत्तर मी ३१ वर्षं ऐकलं आहे. इथंच, सोलापुरात, मराठी माध्यमात आणि सेमीतही. पहिली गोष्ट ही की या उत्तरावर रागावू नका. ते कच्च्या मुलांचं उत्तर नाही, डोळे उघडे ठेवून जगणाऱ्यांचं आहे. हलत्या वस्तूला हलवणारं काहीतरी सतत लागतं, असं ॲरिस्टॉटल सांगून गेला. पुढं मध्ययुगात काही विद्वानांनी त्यात भर घातली, की फेकणारा हात वस्तूत एक प्रकारची चालना भरतो आणि ती हळूहळू सरते. तुमचा वर्ग नेमकं हेच म्हणतोय. आणि का म्हणू नये? तुमच्या शाळेच्या रस्त्यावर चादरींचे गठ्ठे लादलेली हातगाडी ढकलणारा माणूस दमून थांबला की गाडीही थांबते. जन्मापासून रोज हेच दिसत आलंय.

म्हणजे आपण रिकाम्या डोक्यात काही भरत नसतो. तिथं आधीच एक भौतिकशास्त्र घर करून बसलेलं असतं, आणि ते व्याख्या पाठ करून मोडत नाही. १९९२ साली अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली, 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी'. आकडेमोड अजिबात नाही, साध्या भाषेतले पर्यायी प्रश्न. गणितं व्यवस्थित सोडवणारी कॉलेजची मुलंसुद्धा त्यात ॲरिस्टॉटलसारखीच उत्तरं देतात, हे त्यातून पुन्हा पुन्हा दिसलं.

मी स्वतः पहिली काही वर्षं गतीच्या तीन समीकरणांनी सुरुवात करायचो. दिलेलं, काढायचं, सूत्र, उत्तर. निकाल उत्तम लागायचा. मग एकदा एसटीत माझा एक जुना विद्यार्थी भेटला, दहावीला विज्ञानात भरपूर गुण मिळवलेला. दोघंही उभे होतो. चालकानं करकचून ब्रेक मारला, सगळे पुढं गेलो. सावरून तो म्हणाला, "सर, आपल्याला हे पुढं ढकलणारं बल येतं तरी कुठून?" त्या दिवशी घरी गेल्यावर मला जेवण गोड लागलं नाही. ढकलणारं कोणी नव्हतंच. बस थांबत होती आणि आपण चालत राहिलो होतो, एवढंच. जडत्वाची व्याख्या त्यानं माझ्याकडूनच पाठ केली होती.

तेव्हापासून मी एक पद्धत मोडली नाही. आधी अंदाज, मग प्रयोग. आणि अंदाज तोंडी नको, वहीच्या समासात लिहून हवा. तोंडी विचारलं की हुशार मुलगा उत्तर देतो आणि बाकीचे त्याच्यामागं जातात. लिहून झालं की प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागतं. उत्तर चुकलं तर खोडू द्यायचं नाही, शेजारी तारीख घालायची.

पहिले दोन तास: चिंचोके

बल हा शब्दही काढू नका. आधी 'कधी कुठं' एवढंच. शाळा सुरू होते जूनमध्ये. पहिल्या पावसानं मैदान ओलसर असतं, पडलेला चिंचोका उसळत नाही, तिथंच बसतो. एका मुलीच्या मुठीत दहा-बारा चिंचोके द्या. लेझमीच्या पथकातलं एखादं पोर ठेका धरायला बसवा, घड्याळाशी जुळवून दर सेकंदाला एक ठोका. मुलीनं सरळ रेषेत चालायचं आणि दर ठोक्याला एक चिंचोका सोडायचा. फार वाकायचं नाही, हात कमरेशी.

ती चालून गेली की मागं उरते चिंचोक्यांची रांग, आणि त्या रांगेत सगळा धडा आहे. अंतरं सारखी पडली तर एकसमान गती. पुढं पुढं लांबत गेली तर चाल वाढत होती, जवळ जवळ आली तर कमी होत होती. मधेच उभी राहिली असेल तर तिथं चिंचोक्यांचा छोटा ढीग. मोजपट्टीनं अंतरं मोजून घ्या आणि काळ आडव्या अक्षावर, अंतर उभ्या अक्षावर असा आलेख काढायला लावा. ज्या मुलांना पुस्तकातला आलेख डोंगरासारखा वाटतो ('सर, इथं तो चढावर चाललाय'), ती मुलं हा आलेख वाचू शकतात, कारण त्यातला प्रत्येक बिंदू त्यांनी मातीत पाहिलेला असतो. आलेख आडवा सरळ झाला म्हणजे ती सपाट रस्त्यानं चालली असं नाही, ती उभी होती. हा गोंधळ इथंच मिटवा. पुढं फार नडतो.

मग सगळ्यांना मैदानाकडं पाठ करायला सांगा. दुसऱ्या मुलीला बोलवा, तिला हळूच सांगा की शाळेच्या दारापासून झाडाकडं जा किंवा झाडापासून दाराकडं, मनाला येईल तसं, पण चाल एकसारखी ठेव. झाल्यावर वर्गाला वळवा आणि विचारा: या चिंचोक्यांकडं बघून सांगा, ती कुठून कुठं गेली? बराच खल होतो. आणि मग एखादं पोर म्हणतं, "सर, यावरून कळणारच नाही." बरोबर! चिंचोके चाल सांगतात, दिशा सांगत नाहीत. दिशाही सांगितली की झाला वेग. अदिश आणि सदिश हे शब्द मग फळ्यावर आले की मुलांना त्यांची गरज आधीच भासलेली असते.

अंतर आणि विस्थापन (निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर) यांसाठी पूर्व भागात तुमच्याइतकं चांगलं उदाहरण कोणाकडं नाही. यंत्रमागाचा धोटा. कापडाच्या या काठापासून त्या काठाला आणि परत. दिवसभरात किती अंतर कापलं याचा हिशेब मुलांना घरी करायला द्या. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजायचा, एका मिनिटात धोटा किती वेळा पलीकडं जातो ते मोजायचं आणि गुणाकार करायचा. आकडा किलोमीटरमध्ये येतो आणि मुलं थक्क होतात. संध्याकाळी माग बंद झाला तेव्हा धोटा सकाळच्याच पेटीत असेल तर विस्थापन शून्य. आता बऱ्याच ठिकाणी बिनधोट्याचे माग आलेत, तेव्हा आधी विचारून घ्या कोणाच्या घरी किंवा शेजारी धोट्याचा माग चालतो. एका वर्षी एका मुलीनं हा हिशेब वडिलांबरोबर बसून केला होता. दुसऱ्या दिवशी तिनं फळ्यासमोर उभं राहून तो सगळ्या वर्गाला समजावला. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो.

भाषेची एक अडचण

ही पुस्तकात नाही, पण सोलापुरात शिकवणाऱ्यानं ओळखलीच पाहिजे. आपल्या बोलण्यात चाल, वेग, गती, स्पीड हे सगळं एकच. 'गाडीला काय वेग आहे' म्हणताना दिशा कोणाच्या मनात असते? त्यात तुमच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी पुष्कळ, काही कन्नड. तेलुगूत रोजच्या बोलण्यातला 'वेगम्' म्हणजे नुसती चाल, पण तेलुगू माध्यमाच्या पुस्तकात तोच शब्द दिशेसकटच्या राशीला वापरतात आणि चालीला 'वडि' म्हणतात. कन्नडात चालीला 'जव' आणि दिशेसकट 'वेग'. मुलांनाच घरून शब्द आणायला सांगा आणि फळ्यावर तीन रकाने करा. 'त्वरण', म्हणजे वेग बदलण्याचा दर, तेलुगूतही 'त्वरणम्'च आहे. हे कळल्यावर जी पोरं मराठीच्या धाकानं गप्प असतात त्यांचे चेहरे उजळतात. एवढं झालं की एकदाच ठणकावून सांगायचं: विज्ञानाच्या तासाला 'वेग' म्हटलं की दिशा बरोबर येणार, बाहेर काहीही म्हणा.

दिशेचं महत्त्व पक्कं करायला गड्ड्याच्या जत्रेतला मोठा पाळणा घ्या. एका लयीत फिरत असताना चाल तीच राहते, पण वर जाणारा क्षणात खाली येतो. दिशा सतत बदलते, म्हणजे वेग सतत बदलतो, म्हणजे त्वरण आहे. 'चाल तीच असूनही त्वरण' हे वाक्य मुलांना पहिल्यांदा पटत नाही. जानेवारीत जत्रेला जाऊन आली की आपणहून बोलतात, तोवर घाई करू नका.

सरासरीसाठी वंदे भारत. मुंबई–सोलापूर ही गाडी फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. सुमारे साडेचारशे किलोमीटर, साधारण साडेसहा तास. भागाकार केला की ताशी सत्तरच्या आसपास येतं. मुलं लगेच भांडायला उठतात, "सर, ती तर शंभराच्या वर पळते!" पळते की. पण थांबेही घेते आणि घाटात सावकाश चालते. मग या क्षणाची चाल वेगळी आणि प्रवासभराची सरासरी वेगळी, हे तीच सांगतात. इथं मी आवर्जून भास्कराचार्यांचं नाव घेतो. ११५० साली ग्रहांच्या गणितात त्यांनी 'तात्कालिकी गती' असा शब्द वापरला, त्या त्या क्षणाची गती. शब्द ऐकूनच अर्थ कळतो.

तिसरा-चौथा तास: गोटी

त्वरण हे या धड्याचं खरं दुखणं. मुलांना 'जास्त वेग म्हणजे जास्त त्वरण' असंच वाटतं. महामार्गावर एकसारख्या शंभरानं चाललेल्या गाडीचं त्वरण शून्य आणि आपल्या सात रस्ता चौकातल्या सिग्नलवरून निघालेल्या रिक्षाचं त्वरण त्याहून जास्त, हे तोंडी सांगून पटत नाही.

ॲल्युमिनियमचा चॅनल घ्या, सपाट तळाचा, सरळ, दोन मीटर लांब. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. एक काचेची गोटी, खडू. वरच्या टोकाशी शून्याची खूण करा आणि तिथून १२, ४८, १०८ आणि १९२ सेंटिमीटरवर खुणा. वरचं टोक साधारण सात सेंटिमीटर उचला, वह्यांची चवड पुरते. आता दर सेकंदाला ठोका. एका ठोक्यावर गोटी सोडायची आणि वर्गानं गोटी प्रत्येक खुणेवरून जाताना टाळी वाजवायची.

आधी अंदाज घ्या: खुणांमधली अंतरं तर वाढत चाललीत, मग टाळ्या कशा पडतील? बहुतेक जण लिहितात, लांबत जातील. आणि मग टाळ्या लेझमीच्या ठोक्यावर पडतात. टप, टप, टप, टप. मधली अंतरं १२, ३६, ६०, ८४, पण वेळ सारखा. एखादा ठोका इकडंतिकडं होतो, तेव्हा वही एक काढा किंवा घाला आणि जुळेपर्यंत खेळा. जुळवण्याच्या त्या खटपटीत मुलं जे शिकतात ते व्याख्येतून येत नाही.

मग फळ्यावर चारही आकडे लिहा. १२ नं भागा. १, ३, ५, ७. वर्गात कोणीतरी ओरडतंच, "विषम संख्या!" गॅलिलिओनं उतारावरून गोळे सोडून हेच शोधलं आणि १६३८ साली छापलं. त्याच्याकडं सेकंद दाखवणारं घड्याळ नव्हतं. बारीक धारेनं पाणी भांड्यात पडू द्यायचं आणि ते तोलून वेळ मोजायचा. त्याचे वडील वाद्य वाजवणारे संगीतकार होते. हेही सांगा, ठेका धरून बसलेल्या तुमच्या पोराला बरं वाटेल.

आता खरी कमाई. पहिल्या सेकंदात १२ सेंटिमीटर, दुसऱ्यात ३६. किती वाढलं? २४. तिसऱ्यात ६०. पुन्हा २४. चौथ्यात ८४. पुन्हा २४. दर सेकंदाला वेगात २४ सेंटिमीटर प्रति सेकंदाची भर. म्हणून 'सेंटिमीटर प्रति सेकंद, प्रति सेकंद'. एककात सेकंद दोनदा का येतो, वर्ग कशाचा, हे विचारणारी मुलं दरवर्षी असतात आणि आपण 'तसं असतं' म्हणून पुढं जातो. इथं ते आपोआप उलगडतं. आणि गोटी सर्वात वेगात असते ती तळाशी, पण भर वरती पडते तेवढीच तळाशीही पडते. वेग वेगळा, त्वरण तेच.

याच्या पाठोपाठ एक प्रश्न नक्की विचारा. चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला, जिथं तो क्षणभर थांबतो, तिथं त्याचं त्वरण किती? समासात लिहायचं. माझ्या वर्गात चाळिसातले तीस-पस्तीस जण 'शून्य' लिहायचे. मी 'चूक' म्हणायचो नाही. "बरं, वेगही शून्य, त्वरणही शून्य. वेगात बदलच होणार नसेल तर पुढच्या क्षणी वेग किती?" "शून्य." "आणि त्याच्या पुढच्या?" "शून्यच." मग थोड्या वेळानं मागच्या बाकावरून, "सर, मग तो वरच राहील की!" चेंडू खाली येतो, कारण तिथंही त्वरण ९.८ च आहे, खालच्या दिशेनं, आधी होतं तसं आणि नंतर राहणार तसं.

मग बल: कॅरम

इथवर आल्यावर तुमच्या 'बल संपलं' ला हात घाला. शाळेत कॅरम असतोच. एक स्ट्रायकर आणि प्लास्टिकची पट्टी. पट्टीचं एक टोक घट्ट धरून दुसरं एका ठरलेल्या खुणेपर्यंत वाकवायचं आणि सोडायचं, म्हणजे स्ट्रायकरला दरवेळी साधारण सारखाच धक्का बसतो.

पहिल्यांदा जाडजूड सोलापुरी चादर अंथरा. धक्का द्या, स्ट्रायकर वीतभर जाऊन थांबतो. मग वर्गातली फरशी, मग कॅरमचा बोर्ड पावडरीशिवाय, शेवटी पावडर टाकून. दरवेळी अंदाज आधी. शेवटच्या वेळी स्ट्रायकर पलीकडच्या लाकडावर आपटून परत येतो.

आता त्यांच्याच शब्दांत विचारा. "बल तर आपण प्रत्येक वेळी तेवढंच दिलं. मग ते चादरीवर वीतभरात संपलं आणि बोर्डवर एवढं कसं पुरलं?"

या प्रश्नानंतर गप्प राहा. मनातल्या मनात वीस आकडे मोजा, हवे तर पन्नास. उत्तर तुम्ही दिलंत तर सगळं पाण्यात. कोणीतरी म्हणतं, "चादर जास्त अडवते." म्हणजे बल संपलं नाही, कोणीतरी थांबवलं. थांबवणारं बल आहे, घर्षण. मग पुढचा प्रश्न: अडवणारं कमी कमी करत नेलं, अगदी काहीच उरलं नाही, तर? बोर्डाला काठच नसेल तर? वर्गातलं एखादं लेकरू घाबरत घाबरत म्हणतं, "सर, मग तो थांबणारच नाही." न्यूटनचा पहिला नियम तुमच्या वर्गानं सांगितला. आता पुस्तक उघडून त्याची शब्दरचना वाचा आणि त्याखाली १६८७ हे साल लिहा.

'थांबणारच नाही' असं खरंच कुठं आहे का, असं विचारतील. आहे. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला सोडलं, ते अजून सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगानं सूर्यापासून दूर चाललंय. पुढं ढकलत राहणारं कोणतंही इंजिन चालू नाही. सूर्याची किंचित ओढ सोडली तर अडवणारंही कोणी नाही.

आणि आता परत मैदानावर चला, चिंचोके घेऊन. चालताना एखाद्या चौकस मुलीच्या हे आधीच लक्षात आलेलं असतं, की चिंचोका जिथं सोडला तिथं पडत नाही, जरा पुढं पडतो. आता मातीत एक वर्तुळ आखा. मुलानं धावत यायचं आणि न थांबता चिंचोका वर्तुळात पडेल असा सोडायचा. फेकायचा नाही, फक्त मूठ उघडायची. मूठ कुठं उघडायची? वर्तुळाच्या अलीकडं, बरोबर वर, की ओलांडल्यावर? समासात लिहा. बहुतेक जण 'बरोबर वर' लिहितात, काही जण 'ओलांडल्यावर', कारण त्यांना वाटतं सुटलेली वस्तू मागं राहते. धावून बघतात आणि चिंचोका वर्तुळाच्या पुढं जाऊन पडतो. चांगला मीटर-दीड मीटर पुढं. दोन-चार प्रयत्नांत मुलं अलीकडं सोडायला शिकतात. हाताबरोबर पुढं चाललेला चिंचोका हात सुटला तरी पुढंच चालला, पुढं ढकलणारं कोणीही नसताना. खाली आला तो पृथ्वीच्या ओढीनं. एसटीतल्या माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हे दाखवलं असतं तर त्यानं तो प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारला असता.

दुसरा आणि तिसरा नियम

दुसऱ्यासाठी (बल = वस्तुमान × त्वरण) रिकामी आणि भरलेली हातगाडी पुरते. भरलेली हलवायला जड आणि थांबवायलाही जड. दुसरी गोष्ट मुलं विसरतात, ती मुद्दाम काढा. मग ब्रेकचं एक गणित द्या, कारण या वयाची मुलं लवकरच गाड्या हातात घेणार आहेत. ब्रेक लागल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदानं कमी होतो असं धरा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, गाडी १० मीटरांत थांबते. ताशी ७२ ला किती? मुलं 'वीस' म्हणतात. येतात चाळीस. वेग दुप्पट, अंतर चौपट. हे उत्तर आल्यावर एकदा वर्ग अगदी शांत झाला होता. पुणे रस्त्यावर कोणाच्या ना कोणाच्या घरचं माणूस गेलेलं असतं.

तिसऱ्या नियमात आपणच शिक्षक चुकतो. टेबलावरचं पुस्तक घ्या. पृथ्वी त्याला खाली ओढते, टेबल वर रेटतं, दोन्ही सारखी, म्हणून ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असं मीही बरीच वर्षं शिकवलं. ते चूक आहे. ही दोन्ही बलं पुस्तकावरच आहेत, म्हणून ती एकमेकांना तोलतात, ती संतुलित बलं. क्रिया-प्रतिक्रियेची जोडी कधीच एका वस्तूवर नसते. पृथ्वी पुस्तकाला ओढते, तर त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं. टेबल पुस्तकाला वर रेटतं, त्याची जोडी पुस्तक टेबलाला खाली दाबतं. मुलांना एक ओळ पाठ करू द्या, इथं पाठांतर चालेल: 'अ नं ब वर, ब नं अ वर.' वाक्यात हे दोघं उलटसुलट बसत नसतील तर ती जोडी नाही. 'दोन्ही बलं सारखी आणि विरुद्ध, मग काही हलतच कसं?' या दरवर्षीच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. हातगाडी मला मागं रेटते, पण माझे पाय जमिनीला मागं रेटतात आणि जमीन मला पुढं. ओल्या चिखलात तीच गाडी ढकलून बघा म्हणावं.

समीकरणं आणि वेळ

तीन समीकरणं टाळायची नाहीत, परीक्षेत आहेतच. पण गोटीच्या आकड्यांवरून काढा. 'अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ' यात २४ घालून चौथ्या सेकंदाअखेरचा वेग काढला की ९६ येतो. सरासरी वेग मग ४८, गुणिले ४ सेकंद, १९२. आणि शेवटची खडूची खूण कुठं आहे? १९२ वर. मुलांना सूत्र त्या दिवशी खरं वाटतं. गणित सोडवताना आधी दिशा ठरवून अधिक-उणे लिहायला लावा, निम्म्या चुका तिथंच थांबतात.

या पद्धतीनं चार-पाच तास जास्त जातात, हे खरं. मी ते तास पुढं परत मिळवायचो, कारण दहावीचा गुरुत्वाकर्षणाचा पहिलाच धडा या मुलांना निम्म्या वेळात समजायचा. मुख्याध्यापकांनी विचारलं तर समासातले अंदाज दाखवा. पहिल्या आठवड्यातले आणि पाचव्या आठवड्यातले.

सामानाचं तेवढं नीट बघा. गोटी डाग नसलेली, स्वच्छ पुसलेली घ्या, तेलकट बोटं लागली की अडखळते. सोडताना बोटानं ढकलू नका, समोर पट्टी आडवी धरा आणि झटकन उचला. दोन मीटरचा चॅनल मधे वाकतो, तेव्हा मधोमध दुमडलेल्या कागदाचा आधार द्या आणि एका टोकाशी डोळा लावून सरळ आहे ना बघा. मधे खाली वाकलेला असला की टाळ्या ठोक्याच्या आधीच पडू लागतात. तसं झालंच, तर कारण आधी मुलांनाच शोधू द्या.